पडशाची वाट पाहणारं औषध

दमा म्हटला की धूळ आणि परागकण आठवतात. पडशाकडे फारसं कुणी बोट दाखवत नाही. त्याचं पारडं किती जड आहे, ते नीट मोजलं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या डॉक्टरांनी. त्यांनी ९ ते ११ वर्षांच्या मुलांच्या नाकातला स्राव तपासला, आणि दमा उफाळला तेव्हा दर पाचांतल्या चार वेळा विषाणू सापडला, बहुधा सर्दीचाच. हे १९९५ साली प्रसिद्ध झालं. दहा वर्षांनी त्याच गावात कळलं, की दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेतल्या पेशी विषाणूला रोखणारं इंटरफेरॉन-बीटा कमी बनवतात. मग तेच बाहेरून फुप्फुसात का सोडू नये?

कल्पना अगदी नवी नव्हती. सॉल्सबरीच्या सर्दी-संशोधन केंद्रात स्वयंसेवकांना दहा दिवस ठेवून घेत, नाकात विषाणूचे थेंब सोडत आणि मग कुणी किती कागदी रुमाल वापरले तेही मोजत. तिथल्या एका प्रयोगात इंटरफेरॉनच्या फवाऱ्याने सर्दी रोखली, तो अहवाल १९७३ चा. पण फवारा सुरू झाला होता विषाणू सोडण्याच्या आदल्या दिवशी! घड्याळ डॉक्टरांच्या हातात होतं. दमेकऱ्याचं पडसं तारीख देऊन येत नाही, आणि माझ्या मते पुढच्या चाचण्यांचं घोडं इथेच अडलं.

साउदम्प्टनकरांच्या चाचणीत (२०१४) १४७ जणांना सर्दी जाणवल्यापासून २४ तासांच्या आत औषध किंवा नुसता फवारा सुरू केला, १४ दिवस. दम्याच्या त्रासात एकूण फरक दिसला नाही; दमा मुळातच आटोक्यात येत नव्हता त्यांना मात्र थोडा उतार पडला. अपयशानंतर असा गट वेचून काढणं ही पळवाट आहे, हा आक्षेप रास्तच. म्हणून तर पुढची चाचणी तीव्र दम्याच्याच रुग्णांवर घेतली. १२१ जण झाले आणि ती मध्येच थांबवली: सर्दी झाली, पण झटके फारच थोड्यांना आले. औषधच कुचकामी होतं, असं कुणी म्हणेल. तसंही असेल, पण सकाळी जोराने फुंकून मोजायचा श्वासाचा वेग दोन्ही चाचण्यांत औषधवाल्यांचा बरा होता. अर्थात रुग्णाला हवं असतं ते इस्पितळ टळणं, फुंकणीवरचा आकडा नव्हे. आणि झटकेच इतके तुरळक, तर ते औषधाने टळले की आपसूक, हे ठरवायचं कशावरून?