प्रोस्टेट आणि सेलेनियमची गोळी

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी होय. आहारातील अँटिऑक्सिडंट द्रव्ये तिच्या कर्करोगाला आळा घालतील, ही अपेक्षा मात्र प्रोस्टेटच्या अभ्यासातून जन्मली नाही. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी वार्धक्याचे कारण म्हणून मुक्त मूलकांचा, म्हणजे एकट्या पडलेल्या इलेक्ट्रॉनमुळे शेजारच्या रेणूंना इजा करणाऱ्या कणांचा, सिद्धांत मांडला आणि या मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या द्रव्यांकडे संशोधकांचे लक्ष वळले. सेलेनियम स्वतः हे काम करीत नाही. परंतु पेशीतील पेरॉक्साइडे नष्ट करणाऱ्या एका विकराचा तो घटक आहे, हे १९७३ मध्ये दिसून आल्यावर त्याचीही गणना याच गटात होऊ लागली.

अन्नातील सेलेनियम जमिनीतून येते आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या मैदानी पट्ट्यात ते कमी आढळते. तेथे त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या १,३१२ रुग्णांवर लॅरी क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ पासून चाचणी घेतली, तीत निम्म्यांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम व उरलेल्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी देण्यात आली. त्वचेच्या कर्करोगापासून काहीच संरक्षण मिळाले नाही. पण १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा प्रोस्टेटचा कर्करोग निरौषधी गटात ३५ जणांना, तर सेलेनियमच्या गटात १३ जणांनाच झाल्याचे आढळले. मूळ प्रश्न त्वचेचा होता आणि आकडे इतके लहान होते, हे ध्यानात घेता या फरकावर जो भरवसा टाकला गेला तो अंमळ घाईचाच होता.

तरी अँटिऑक्सिडंट द्रव्यांविषयीच्या अपेक्षेला दुजोरा मिळाला, आणि तोही असाच अनपेक्षितपणे. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणी फुप्फुसाच्या कर्करोगासाठी होती; तीत बीटा कॅरोटीनने तो रोग उलट वाढविला, मात्र रोज ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी असल्याचे १९९८ मध्ये जाहीर झाले. टोमॅटोतील लायकोपीन या तांबड्या रंगद्रव्याची कीर्ती याच काळातली असली, तरी ती आहाराच्या प्रश्नावल्यांवर उभी होती, गोळी देऊन घेतलेल्या चाचणीवर नव्हे.

प्रोस्टेटचाच प्रश्न समोर ठेवणारी ‘सिलेक्ट’ ही मोठी चाचणी २००१ मध्ये सुरू झाली. तीत ३५,५३३ पुरुषांना सेलेनियम, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा निरौषधी गोळी देण्यात आली. ई जीवनसत्त्वाची मात्रा फिनलंडपेक्षा कितीतरी मोठी होती. लाभाचे चिन्ह न दिसल्याने ऑक्टोबर २००८ मध्ये गोळ्या थांबविण्यात आल्या. पाठपुरावा चालूच राहिला, आणि केवळ ई जीवनसत्त्व घेतलेल्यांत हा कर्करोग निरौषधी गटापेक्षा १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले.

क्लार्क यांच्या चाचणीच्या फेरविश्लेषणात सेलेनियमचा लाभ मुख्यतः रक्तात ते आधीच कमी असलेल्यांपुरता दिसला होता, त्यामुळे ‘सिलेक्ट’मधील पुरुष पुरेसे सेलेनियम बाळगून असल्यानेच गोळी निष्फळ ठरली, असा बचाव काही काळ शक्य होता. २०१४ च्या विश्लेषणाने तोही टिकू दिला नाही. शरीरात सेलेनियम कमी असलेल्यांना गोळीचा लाभ झालाच नाही आणि ज्यांच्यात ते मुळातच भरपूर होते, त्यांच्यात कर्करोगाच्या अधिक आक्रमक प्रकाराचा धोका वाढला.