डिकीतली टाकी

फ्युएल सेल म्हटलं की हल्ली सगळ्यांना हायड्रोजनपासून वीज करणारं यंत्र आठवतं. इथे त्याचा काही संबंध नाही. मोटार शर्यतीच्या जगात फ्युएल सेल म्हणजे पेट्रोलची टाकीच, पण सहजासहजी फुटायची नाही अशी. बाहेर धातूचा डबा, आत जाड रबरी कापडाची पिशवी आणि पिशवीत स्पंजसारखा फोम. धडक बसली की डबा चेपतो, पिशवी त्याच्याबरोबर वाकते पण फाटत नाही. फोममुळे पेट्रोल हिंदकळत नाही, वाफ एकदम भडकत नाही. गाडी उलटलीच तर झडप आपोआप मिटते.

हे सगळं वाचायला लागलो ते भाच्यामुळे. इथे खारीत, आमच्या बिल्डिंगखाली त्याची एक जुनी गाडी उभी असते. इंजिन, चाकं, सायलेन्सर सगळं बदलून झालंय. (सायलेन्सर तर गोडदेव नाक्यापर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा आहे.) आता म्हणतो, मूळ टाकी काढून डिकीत फ्युएल सेल बसवायचा. "मामा, रेसवाले हीच लावतात, एकदम सेफ!" रेसवाले लावतात हे खरंच आहे. पण का लावतात आणि कशी लावतात?

कल्पना लढाऊ विमानांतली. दुसऱ्या महायुद्धात टाक्यांना कच्च्या रबराचा थर देत. गोळीनं भोक पडलं की पेट्रोल लागून ते रबर फुगायचं आणि भोक बुजवायचं. युद्ध संपलं, पण शर्यतीच्या गाड्या पुढची वीस वर्षं पत्र्याच्या टाक्या घेऊनच धावत राहिल्या.

मग आला मे 1964. चोवीस तारखेला अमेरिकेत शार्लटच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी पेटली. भाजलेला रॉबर्ट्स जुलैमध्ये गेला. त्या अपघाताला सहाच दिवस होत होते, तेवढ्यात इंडियानापोलिसला दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्डची गाडी भिंतीवर आदळून पेटली, एडी सॅक्स तिच्यावर जाऊन धडकला आणि दोघेही संपले. तो धूर लाखो लोकांनी पाहिला. रबरी पिशवीची टाकी शर्यतीत आली ती या दोन अपघातांनंतरच्या काही वर्षांत. फॉर्म्युला वनमध्ये ती 1970 साली सक्तीची झाली. अमेरिकन लष्करानंही त्याच वर्षी ह्यूई हेलिकॉप्टरना न फुटणाऱ्या टाक्या बसवायला सुरुवात केली. तरी आगी लगेच थांबल्या नाहीत. 1973 साली झांडफोर्टला रॉजर विल्यमसन उलटलेल्या गाडीत अडकून जळाला. त्याची गाडी उचलायला एकटा डेव्हिड पर्ली धडपडत होता. ते चित्रण मी एकदाच पाहिलं, पुन्हा बघवलं नाही.

भाचा विसरतो ते पुढचं. शर्यतीच्या गाडीत ही टाकी पोलादी पिंजऱ्यात बसवतात आणि चालक नि टाकी यांच्यामध्ये पत्र्याची अखंड भिंत असते. आपल्या गाडीत डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये असतं काय? पुठ्ठा, फोम आणि स्पीकरची भोकं! उलट आजच्या बहुतेक साध्या गाड्यांची टाकी मागच्या सीटखाली, चाकांच्या पुढे, सगळ्यात सुरक्षित जागी असते. हीही शिकवणी महागातच पडली होती. फोर्ड पिंटोची टाकी मागच्या अॅक्सल आणि बंपरच्या मध्ये होती. मागून धडक बसली की पेटायची. 1978 साली सुमारे 15 लाख गाड्या दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या. म्हणजे साधी टाकी काढून डिकीत नवी बसवणं म्हणजे पेट्रोल पुन्हा पिंटोच्याच जागी नेऊन ठेवणं.

रस्त्यावरच्या गाडीत कारखान्यातूनच अशी टाकी आलेली उदाहरणं आहेत. 1987 सालच्या फेरारी एफ40 मध्ये दोन रबरी पिशव्या होत्या. मालकांना त्या ठराविक वर्षांनी बदलाव्या लागतात, कारण रबर म्हातारं होतं. शर्यतीच्या नियमांत तर पिशवीचं आयुष्य पाच वर्षं धरलंय. तपासून घेतली तर आणखी दोन. शिवाय आता आपल्या पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि साध्या पेट्रोलसाठी केलेला फोम अल्कोहोलमध्ये लवकर सडतो. त्याचा भुगा फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

मुंबईकरांना डिकीतली टाकी नवी नाही म्हणा. महानगर गॅस 1995 साली स्थापन झाली आणि 1999 नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे काळ्यापिवळ्या टॅक्स्या झपाट्यानं सीएनजीवर आल्या. प्रवाशाचं सामान टपावरच्या कॅरियरवर गेलं आणि डिकीत सिलिंडर आला, आत 200 बारचा दाब. पण झडपेतून गळलेला वायू गाडीबाहेर नेणारी नळी, दर तीन वर्षांनी चाचणी आणि आरसी बुकात नोंद, हे सगळं त्याच्याबरोबर आलं. चाचणीची पाटी दाखवल्याशिवाय पंपावर गॅस भरत नाहीत. पेट्रोलच्या फ्युएल सेलला अशी वाटच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच सांगितलं की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येणार नाही. सीएनजी किटला मात्र त्याच कलमात जागा आहे.