स्त्री-आत्मकथने, मराठी
संसार, मातृत्व व लैंगिकता यांविषयी स्त्रियांनी स्वानुभवातून केलेले लेखन. रमाबाई रानडे (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आठवणींत संसार सविस्तर येतो, शरीरसंबंधांविषयी मात्र मौन आहे. ते मौन मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ने (१९८४) धीटपणे मोडले. सुनीता देशपांडे यांनी ‘आहे मनोहर तरी’त (१९९०) सहजीवनातील एकटेपण तपासले. सर्वांत विदारक चित्र दलित स्त्रियांच्या लेखनात आढळते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये कोवळ्या वयातील बाळंतपणे आणि बाळंतिणीची उपासमार येते, हा मजकूर प्रसूतीच्या सामाजिक इतिहासाचा पुरावा म्हणूनच वाचायला हवा. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) लग्नाची पहिली रात्र आणि पुत्रवियोग दोन्ही निःसंकोच आले आहेत.