दफ्तर राखावे, दफ्तर सापडावे

पेडणे तालुक्याच्या समुद्रकाठी, केरीच्या दक्षिणेस, हरमल हे गाव आहे. गावकरी त्याला हरमल म्हणतात. पोर्तुगीज आमदानीतील कागदांत आणि आजच्या इंग्रजी नकाशांत तेच गाव आरांबोल ह्या नावाने भेटते. ह्या गावच्या एखाद्या गृहस्थाला आजोबांच्या काळचा कागद हवा असेल, तर गोव्याच्या पुराभिलेखागारात तो मिळण्याची आशा तरी असते. परंतु दहा वर्षांपूर्वी एखाद्या संकेतस्थळावर वाचलेली जमिनीविषयीची सूचना त्यालाच आज पुन्हा पाहावयाची झाली, तर पडद्यावर बहुधा एवढेच उमटते, की हे पान सापडत नाही. आजोबांचा कागद टिकतो आणि नातवाची सूचना नाहीशी होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कागद आपोआप टिकला, असे मात्र कोणी समजू नये. १५९५ साली फिलिप राजाच्या आज्ञेने गोव्यात दफ्तरखाना स्थापन झाला आणि इतिहासकार दियोगु दो कौतु ह्याची त्यावर नेमणूक झाली. लिस्बनहून येणारी जहाजे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असत. वाटेत वादळ होते आणि शत्रूही होता. म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती करून त्या निरनिराळ्या जहाजांतून पाठविण्याची रीत होती. एक जहाज बुडाले तरी दुसरे पोहोचावे, हा त्यामागील हिशेब. ह्या पत्रव्यवहाराच्या बाडांना पुढे मोसमावरूनच ‘मोन्सोइंश दो रेनो’ हे नाव पडले.

प्रतीचे मोल खुद्द कौतुला फार कटू अनुभवाने कळले. त्याने लिहिलेल्या आशियाच्या इतिहासाचे आठवे व नववे खंड तो आजारी असताना चोरीस गेले. वृद्धपणी, आठवणींच्या आणि उरलेल्या टिपणांच्या आधारे, त्याला ते संक्षेपाने पुन्हा लिहावे लागले. इतरांचे कागद सांभाळणाऱ्या माणसावरच हा प्रसंग यावा, ह्यापरता मोठा धडा कोणता?

राखणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे शोधून काढण्याचे. १७७७ साली गोव्यातील मोसमी बाडांपैकी ६२ बाडे लिस्बनला नेण्यात आली. ती नष्ट झाली नाहीत, पण गोव्याच्या अभ्यासकाला दुरावली. एकोणिसाव्या शतकात कुन्य रिव्हारा ह्यांनी गोव्यातील जुने कागद छापून प्रसिद्ध केले. विसाव्या शतकात सत्तरीतील पिसुर्ले गावच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी सुमारे तीस वर्षे हे दफ्तर सांभाळले आणि १९५५ साली त्याची मार्गदर्शक सूची प्रसिद्ध केली. कोणते बाड कोठे आहे आणि त्यात काय आहे, हे सूचीने सांगितले, तेव्हाच तो ढीग अभ्यासकाच्या उपयोगी आला.

संगणकाच्या जगात हीच कथा पुन्हा घडली, मात्र चार शतकांऐवजी दोन-तीन दशकांत. जिनीव्हाच्या सर्न संस्थेत जन्मलेले पहिले संकेतस्थळ १९९१ साली जगासमोर आले; त्याची अगदी सुरुवातीची पाने कोणी नीट राखली नव्हती, आणि २०१३ मध्ये त्या संस्थेला जुन्या प्रतींचा शोध घ्यावा लागला. असंख्य सामान्य माणसांनी आपली पाने जेथे मांडली होती ते जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले, आणि स्वयंसेवकांनी घाईघाईने प्रती काढल्या नसत्या, तर ती सारी वस्ती पुसली गेली असती.

ह्या नाशावर उपाय म्हणून ब्रूस्टर केल ह्यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था काढली. तिचे दफ्तर २००१ पासून ‘वेबॅक मशीन’ ह्या नावाने सर्वांना खुले झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातील पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली. तेथे प्रत्येक प्रतीवर चौदा अंकांचा शिक्का असतो: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद. ही वेळ ग्रिनिचची असते, भारताच्या साडेपाच तास मागची. म्हणून आपल्याकडे पहाटे नोंदलेल्या पानावर आदल्या दिवसाची तारीख दिसते. पुरावा म्हणून प्रत दाखविणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

पाने हजारो असली, म्हणजे एकेक हाताने नोंदणे अशक्य होते. त्यासाठी संगणकाच्या आज्ञांचे तयार संच असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. पायथन ह्या संगणकभाषेतील ‘वेबॅकपाय’ हा असाच एक संच. त्याला पानाचा पत्ता द्यावा आणि सांगावे, की ह्याची प्रत आज ठेव. किंवा विचारावे, की सर्वांत जुनी प्रत कोणती, सर्वांत नवी कोणती, अमक्या तारखेच्या जवळची कोणती. कारकुनाने बाड काढून आणावे, तसा तो संच प्रतीचा पत्ता आणून देतो. पत्त्यांची यादी दिली, तर हेच काम तो न थकता ओळीने करतो.

परंतु ह्या कारकुनाला पिसुर्लेकरांची सूची नाही. तो पत्ता ओळखतो, गाव ओळखत नाही. ज्याने हरमल आणि आरांबोल ही दोन्ही नावे जाणून पत्ते टिपून ठेवले नाहीत, त्याचे पान दफ्तरात असूनही हरवलेलेच. शिवाय ज्या दिवशी कोणीच प्रत ठेवली नाही, त्या दिवसाचे पान कोणत्याही आज्ञेने परत येत नाही. आणि एकाच घरावर विसंबणेही धोक्याचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते दफ्तर काही दिवस बंद पडले होते. त्याच्या संग्रहाची एक प्रत २००२ पासून इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात ठेवण्यास सुरुवात झाली होती. दोन जहाजांची ती जुनी युक्ती अद्याप जुनी झालेली नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि पेडणे तालुक्याचे रूप झपाट्याने पालटत आहे. जमिनीच्या सूचना, आराखडे, हरकतींच्या मुदती आता पडद्यावर येतात आणि पडद्यावरूनच जातात. उद्या हरमलच्या मच्छीमाराला किंवा शेतकऱ्याला कोणत्या दिवशी काय जाहीर झाले होते, हे सिद्ध करावे लागेल, तेव्हा त्याच्यासाठी कोणी कौतु बसलेला नसेल. ज्याने ते पान वाचले, त्यानेच त्या दिवशी त्याची प्रत ठेवावी, पत्ता वहीत लिहावा आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.