द्रोणागिरी
रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील डोंगर आणि त्याच्या परिसरात सिडकोने वसवलेला नवी मुंबईचा नोड, पनवेलच्या नैर्ऋत्येस. डोंगरावर पोर्तुगीजकालीन चर्चचे अवशेष आहेत. उपनगरी रेल्वे 12 जानेवारी 2024 पासून.

व्यापार व राहणीमान : शेजारच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. 2024-25 मध्ये तेथे सुमारे 73 लाख टीईयू (वीस फुटी एकक) कंटेनरांची हाताळणी झाली. विदेशी व्यापाराने राहणीमान उंचावते, याचा भक्कम पुरावा नाशिकच्या द्राक्षबागांत मिळतो. तेथील माल शीतकंटेनरांतून याच बंदरावरून युरोपला जातो आणि बागायतदाराला स्थानिक बाजाराखेरीज दुसरे गिऱ्हाईक मिळते. मात्र त्याच्या हाती बाग होती. बंदराकाठच्या आगरी, कराडी व कोळी कुटुंबांची खारजमीन आणि मिठागरे व्यापार सुरू होण्याआधीच गेली, आणि पुढे खाडीही. व्यापारात उतरताना ज्याच्या हाती जे असते, त्या मानाने त्याला लाभ होतो. म्हणून भरपाई हा दानधर्म नसून व्यापाराच्या खर्चाचाच भाग मानावा लागतो.

ही गोष्ट आपसूक मान्य झाली नाही. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा देण्याची योजना त्यातून आली. ते भूखंड पुढे कोणाच्या हाती राहिले, याबद्दल मतभेद आहेत. कोळ्यांचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण खाडीचा सातबारा नसतो. बंदराच्या विस्तारासाठी झालेला भराव, तिवरांची तोड आणि भरतीच्या पाण्याला झालेला अडथळा यांमुळे पारंपरिक मासेमारी बुडाल्याची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली. फेब्रुवारी 2015 मध्ये लवादाने 1,630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये देण्याचा आदेश बंदर, सिडको व ओएनजीसी यांना दिला. नोंदलेली मालकी नसली तरी वहिवाटीच्या उपजीविकेला किंमत असते, हे त्यातून मान्य झाले. या परिसराच्या इतिहासात बंदराच्या उद्घाटनाइतकेच या आदेशाला महत्त्व आहे.

पूर्वीची एकपिकी भातशेती आणि मिठागरांतली मजुरी म्हणजे काही सुबत्ता नव्हती, हा आक्षेप खरा आहे. सीएफएस (कंटेनर मालतळ), ट्रक-ट्रेलर, गॅरेज आणि भाड्याच्या खोल्यांनी अनेक घरांत रोख पैसा आला. परंतु कंटेनरची रीतच हातांचे काम कमी करण्याची. जुन्या गोदीत हमालांच्या टोळ्या लागत, ते काम आता क्रेन करते आणि उरलेले बरेचसे कंत्राटी असते. भरपाईचा बोजा वाढल्यास माल दुसऱ्या बंदराकडे वळेल, असेही म्हटले जाते. गुजरातचे मुंद्रा बंदर वाढले हे खरे. पण साडेबारा टक्क्यांच्या धोरणानंतरच्या काळात न्हावा-शेवाही वाढतच गेले.

विशेष आर्थिक क्षेत्र : घोषित झाले, फारसे उभे राहिले नाही.