शिक्षा एकाला, भोग घराला



न्यायाधीश शिक्षा एका माणसाला सुनावतो. भोगते मात्र सारे घर. कर्ता माणूस आत गेला की मजुरी थांबते, वाणी उधारी बंद करतो आणि वकिलाचा खर्च तेवढा वाढत जातो. अशा घरामागे उभे राहण्याची रीत आपल्या विदर्भाला नवी नाही.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी येथे लोक उठले. गोळीबार झाला, जमावाच्या हातून सरकारी नोकरही मारले गेले. पुढे चिमुरात लष्कर आले. पुरुषांची धरपकड झाली आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. खटल्यांत अनेकांना फाशी सुनावली गेली. तेव्हा नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी त्यांचे प्राण वाचविण्याची खटपट शिरावर घेतली. कोर्टात दाद मागणे, दयेचे अर्ज करणे, लोकमत जागे करणे, असे सर्व बाजूंनी काम चालले. अखेर १९४५ साली उरलेल्या कैद्यांची फाशी टळली. संपात धरलेल्या कामगाराच्या चुलीसाठी वर्गणी काढणे, हेही कामगार चळवळीचे असेच जुने काम आहे.

पण हे कैदी आपल्याला अभिमानाचे होते. चोरीच्या किंवा मारामारीच्या आरोपाखाली आत गेलेल्याच्या घरी आपण जातो काय? त्याच्या मुलाने कोणता गुन्हा केला? १९४२ च्या कैद्याचे मूल जितके उपाशी होते, तितकेच हेही असते. शिवाय २०२२ च्या अखेरीस देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघांवरचा खटला अजून निकाली निघालेला नव्हता.

हे ओळखून काही लोक कामाला लागले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९९० साली मुंबईत ‘प्रयास’ सुरू केला. अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था कैद्यांच्या कुटुंबांसाठी आणि मुलांसाठी झटते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतील माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. परंतु हक्क कागदावर असून भागत नाही; त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो कसा करावा हे घरच्या बाईला कोणी तरी सांगावे लागते.

आपले खापरखेडा वीजकेंद्राचे आणि कोळसा खाणींचे गाव. एका पगारावर पाच माणसे जगतात, तो पगार थांबला म्हणजे काय होते, हे येथे कोणाला समजावून सांगायला नको. नागपूरचे कारागृहही येथून लांब नाही. विधी सेवेचा अर्ज भरून देणे, मुलाची शाळा सुटू न देणे, मुलाखतीच्या दिवशी म्हाताऱ्या आईला सोबत करणे, एवढे आपल्या हातचे आहे. आरोप खरा की खोटा हे कोर्ट ठरवील. तोवर त्या घरची चूल विझू नये, हे आपण पाहावे.