कंदिलाची काच ‘पास’ कोणी केली?

‘दिव्यांच्या कारखान्यातली स्वयंचलित तपासणी’ असा विषय घेतला की आपण लगेच कॅमेरा आणि संगणकाकडे वळतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र थोडं मागे जायला हवं. यंत्राला दोष ओळखायला शिकवण्याआधी ‘हा दोष आहे’ हे कोणी ठरवलं?

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. औंध संस्थानच्या मदतीने ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कराडजवळ काच कारखाना उभारला. ती जागा म्हणजे आजची ओगलेवाडी. तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर घरोघरी पोचला. प्रवरेकाठच्या बेलापूरसारख्या गावात वीज येण्याआधी स्वयंपाक, गोठा, पोरांचा अभ्यास, सगळं कंदिलावरच चालायचं. काच तडकली की वाऱ्याने ज्योत फडफडायची, काजळी धरायची आणि नवी काच मिळेपर्यंत अंधार. त्यामुळे काचेचा दर्जा ही घरातल्या माणसांसाठी रोजची गोष्ट होती.

हाताने फुगवलेल्या काचेचे काही दोष उजेडात धरले की दिसतात: बुडबुडे, न वितळलेले खडे, कुठे जाड तर कुठे पातळ झालेली भिंत. पण एक दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे ताण. गरम काच भराभर थंड झाली तर ताण आत अडकून राहतो आणि ज्योत लागल्यावर काच तडकते. म्हणून ती वेगळ्या भट्टीत सावकाश थंड करावी लागते. डेव्हिड ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं होतं की ध्रुवित प्रकाशात हा ताण रंगांच्या पट्ट्यांसारखा दिसतो. म्हणजे उपकरण बदललं की दोषाची यादीही बदलते.

विजेच्या बल्बने प्रश्न आणखी अवघड केला. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीचं रिबन मशीन १९२६ मध्ये आलं आणि मिनिटाला शेकडो बल्बच्या काचा तयार होऊ लागल्या. एवढ्या काचा माणूस एकेक करून कशा बघणार? शिवाय बल्ब किती तास टिकेल हे तो जळून गेल्याशिवाय कळत नाही, आणि जळालेला बल्ब विकता येत नाही! म्हणून थोडे नमुने जाळून बाकीच्यांबद्दल अंदाज बांधायचा. इंग्लंडमध्ये जीईसी कंपनीच्या वेम्बली प्रयोगशाळेत बर्नार्ड डडिंग यांनी बल्बच्या उत्पादनात संख्याशास्त्र वापरलं. पुढे १९३५ मध्ये एगॉन पिअरसन यांनी लिहिलेलं ‘बीएस ६००’ हे ब्रिटिश मानक याच विषयावर आलं.

आता याच काळातली दुसरी बाजू बघा. १९२४ मध्ये फिलिप्स, ओसराम अशा मोठ्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा गट केला आणि बल्बचं आयुष्य साधारण १००० तास ठरवलं. सभासदांचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जायचे आणि बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकले तरी दंड व्हायचा. तपासणी चोख होती, पण ग्राहकाला काय हवंय हा तिचा निकषच नव्हता.

आजचा कॅमेराही तेच करतो. ‘पास’ आणि ‘नापास’ यांच्यातली रेषा त्याला माणसांनी दाखवलेल्या नमुन्यांतून मिळते. म्हणून प्रस्ताव लिहिताना ‘यंत्र किती अचूक?’ याच्या आधी ‘रेषा कोणी आखली, कोणासाठी?’ हे विचारा.

पुराव्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. काच कारखान्यात नापास काच फोडून पुन्हा भट्टीत टाकतात, म्हणजे आपल्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः पास झालेला माल. त्यामुळे संग्रहालयातले कंदील बघून ‘पूर्वी माल पक्का असायचा’ असा निष्कर्ष काढू नका. बेलापुरात एखाद्या माळ्यावर कंदील सापडलाच, तर काच मूळची की नंतर बसवलेली हे आधी बघा. आणि घरातल्या आजींना विचारा, वर्षाला किती काचा लागायच्या. वापरणाऱ्यांनी केलेली ही तपासणी कारखान्याच्या वहीत सहसा सापडत नाही.